दुधातून मानवी प्रथिन: जनुकाच्या आराखड्यापासून औषधाच्या कुपीपर्यंत

६ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, अ‍ॅट्रिन नावाच्या औषधाला परवानगी दिली. औषध म्हणजे मानवी अँटिथ्रॉम्बिन, रक्तात गुठळ्या होऊ न देणारं प्रथिन, आणि ते काढलं होतं शेळीच्या दुधातून. कंपनीचा हिशोब असा होता की एक शेळी वर्षभरात जेवढं अँटिथ्रॉम्बिन देते, तेवढं मानवी रक्तातून मिळवायला सुमारे ९०,००० रक्तदानं लागतील. हा आकडा ऐकला की कुणालाही वाटतं, मग सगळीच औषधं अशी का काढत नाहीत? पण १९८७ पासून इतकी खटपट होऊनही औषध म्हणून बाजारापर्यंत पोचलेली दुधातली मानवी प्रथिनं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

अडतं ते बहुतेक वेळा मानवी प्रथिनाचं जनुक जनावरात घालण्यात नाही. प्रयोगशाळेतला तो भाग अवघड आहे, पण जमतो. चुकीचं प्रथिन निवडलेलं असतं, किंवा धार काढल्यानंतर काय करायचं याचा विचार उशिरा झालेला असतो. म्हणून हा लेख त्या दोन टोकांवर जास्त रेंगाळतो. जैवतंत्रज्ञान किंवा पशुवैद्यक शिकणाऱ्यांना, आणि असा प्रकल्प कागदावर तरी मांडून बघायचा आहे अशांना, तो उपयोगी पडावा.

पहिलं काम: दूधच का, याचं उत्तर लिहून काढा

प्रथिनाला साखरेच्या साखळ्या लागत नसतील आणि ते आकाराने लहान असेल, तर जिवाणू किंवा यीस्ट ते टाकीत आरामात बनवतात. जिवाणूंनी बनवलेलं मानवी इन्सुलिन १९८२ पासून बाजारात आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एका गायीच्या दुधात मानवी इन्सुलिन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्याची खूप चर्चा झाली. प्रयोग म्हणून तो सुंदर आहे. उत्पादनाचा उमेदवार म्हणून मात्र मला इन्सुलिन कच्चं वाटतं, कारण टाकीशी स्पर्धा करून गाय जिंकेल असं काही दिसत नाही.

दुसरी स्पर्धा सस्तन पेशींशी, म्हणजे मुख्यतः चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या सीएचओ पेशींशी. १९८०च्या दशकात त्या लिटरमागे काही मिलिग्रॅम ते काही दहा मिलिग्रॅम प्रथिन देत, तेव्हा लिटरला काही ग्रॅम देणारं दूध म्हणजे लॉटरीच वाटायची. आज प्रतिपिंडांच्या बाबतीत त्याच पेशी लिटरला काही ग्रॅम सहज देतात. दुधाचा जुना फायदा तिथेच आटला. तरीही काही गुंतागुंतीची प्रथिनं पेशींमध्ये नीट किंवा पुरेशी बनत नाहीत, आणि दात्यांच्या रक्तातून मिळवायची तर रक्तच पुरत नाही. दुधाचा डाव इथेच लागतो. आजवर यशस्वी झालेली उदाहरणं पाहा: अँटिथ्रॉम्बिन, सूज आवरणारं सी१ एस्टरेज इनहिबिटर, रक्त गोठवणारं फॅक्टर सात-ए. तिन्ही रक्तातली आहेत.

तिसरा प्रश्न प्राण्याच्या बाजूने विचारायचा. प्रथिन थोडं जरी रक्तात झिरपलं तर त्या जनावराचं काय होईल? कासेतल्या पेशींमधले सांधे पक्के नसतात. चीक येतो तेव्हा आणि दूध आटताना ते सैल होतात, आणि दुधातलं प्रथिन रक्तात उतरतं. एरिथ्रोपोइटिन हे त्याचं जुनं उदाहरण. हे संप्रेरक दुधात आणण्यासाठी तयार केलेल्या सशांच्या रक्तातल्या लाल पेशी बेसुमार वाढल्या आणि त्यांना पिल्लंही होईनात; १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अगदी कमी मात्रेत काम करणारी संप्रेरकं या मार्गाला घालू नयेत, असा माझा सरळ सल्ला आहे. निष्क्रिय रूपात स्रवणारं, किंवा त्या जनावरावर ज्याचा परिणाम होत नाही असं प्रथिन बरं.

चौथा मुद्दा फार थोडे लोक सुरुवातीला पाहतात: प्रथिन शरीरात किती वेळ टिकायला हवं? कासेतल्या पेशी साखरेच्या साखळ्या जोडतात खऱ्या, पण मानवी यकृतासारख्या जोडत नाहीत. टोकावरचं सियालिक आम्ल कमी पडतं, आणि यकृत असं प्रथिन रक्तातून भराभर उचलून टाकतं. त्यामुळे शेळीतलं अँटिथ्रॉम्बिन रक्तातून काढलेल्यापेक्षा बरंच लवकर संपतं, म्हणून ते शिरेतून सलग सोडावं लागतं. सशाच्या दुधातलं सी१ इनहिबिटर, म्हणजे रुकोनेस्ट, सुमारे अडीच तासांत निम्मं होतं. रक्तातून काढलेलं दिवसभराहून जास्त टिकतं. तरीही रुकोनेस्ट चाललं. कारण ते आनुवंशिक अँजिओएडेमाचा झटका आलेला असताना, सूज उतरवायला द्यायचं असतं, आणि त्यासाठी काही तास पुरतात. प्रथिनाची उणीव आणि रुग्णाची गरज एकमेकांत बसवली, हेच त्या औषधाचं मर्म. आठवड्यातून एकदा टोचायचं औषध डोक्यात असेल तर ही अट आधीच तपासा.

जनावर ठरवताना गणित मांडा

गरज किती किलोची, हे आधी ठरलं की जनावर जवळपास आपोआप ठरतं. चांगली दुभती गाय वर्षाला ८,००० लिटरच्या आसपास दूध देते, शेळी ६०० ते ९०० लिटर, मेंढी त्याहून कमी, आणि सशाची मादी वर्षभर वेतामागून वेत धरलं तरी दहाएक लिटर. समजा वर्षाला १० किलो शुद्ध प्रथिन हवंय, दुधात ते लिटरला २ ग्रॅम आहे आणि शुद्धीकरणात निम्मं वाया जातं. ८०० लिटर देणाऱ्या शेळीमागे १,६०० ग्रॅम, म्हणजे हाती ८०० ग्रॅम. बारा-तेरा दुभत्या शेळ्या झाल्या. त्यात भाकड, गाभण आणि बदली जनावरं धरली की कळप पंचवीसच्या घरात जातो. हेच सशांवर करायचं ठरवलं तर लिटरला ५ ग्रॅम धरूनही ४०० माद्या लागतील.

मग ससा कुणी का निवडावा? वेळेसाठी. सशाचा गर्भकाळ ३१ दिवसांचा आणि वयात यायला चार-पाच महिने. भ्रूणात जनुक घातल्यापासून दूध हातात यायला आठ महिने पुरतात. शेळीचा गर्भकाळ १५० दिवस, म्हणून तिथे दीड वर्ष. गायीसाठी पावणेतीन वर्षं मोजा, आणि तीही सगळं सुरळीत गेलं तर. शिवाय सशांमध्ये नैसर्गिकरीत्या प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाने मेंदू नासवणारा, रोग आढळलेला नाही, ही औषध नियामकांसमोर मोठी जमेची बाजू ठरते. सशाची धार काढायला लहान चोषणयंत्र असतं. पिल्लं काही तास आईपासून दूर ठेवतात, ऑक्सिटोसिनचं छोटं इंजेक्शन देतात, आणि मादीला नीट धरून ठेवून एकाच वेळी अनेक सडांना कप लावतात. शंभर मिलिलिटर दूध निघालं तरी ती चांगली धार.

प्रमाणाचा अंदाज चुकला की काय होतं, ते पाँपे रोगाच्या (एका एन्झाइमच्या अभावी स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या) बाबतीत दिसलं. नेदरलँड्समध्ये सशांच्या दुधातलं अल्फा-ग्लुकोसिडेज आजारी बाळांना देऊन पाहिलं, गुणही आला. २००० साली ते प्रसिद्ध झालं. पण हे एन्झाइम जन्मभर आणि मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. अखेर त्या रुग्णांना सीएचओ पेशींत बनवलेल्या एन्झाइमवर आणलं गेलं.

जनुकाचा आराखडा

आराखड्यात चार गोष्टी असतात. एक, प्रोमोटर: दूध तयार होताना आणि फक्त कासेतच चालू होणाऱ्या जनुकाचा पुढचा भाग. मेंढीचा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, शेळीचा बीटा-केसीन, गायीचा अल्फा-एस१-केसीन आणि उंदीर-सशांमधला व्हे अ‍ॅसिडिक प्रोटीन, हे चार जास्त वापरात आहेत. दोन, मानवी जनुक. फक्त सीडीएनए, म्हणजे मधले तुकडे गाळलेली प्रत, घालण्यापेक्षा इंट्रॉन, म्हणजे ते मधले तुकडे, ठेवलेलं जनुक जास्त प्रथिन देतं, हा अनुभव जुना आहे. जागा कमी असेल तर मोठे इंट्रॉन गाळून छोटे ठेवतात. तीन, स्रवण्याचा संकेत, म्हणजे प्रथिन पेशीबाहेर दुधात टाकायला लावणारा सुरुवातीचा तुकडा. चार, इन्सुलेटर.

इन्सुलेटर का, तर जनुक गुणसूत्रावर कुठेही जाऊन बसतं आणि शेजारच्या भागाचा त्यावर परिणाम होतो. एकाच आराखड्यातून बनलेल्या दोन जनावरांत एक लिटरला दहा ग्रॅम देतं, दुसरं जवळपास काहीच देत नाही. कोंबडीच्या बीटा-ग्लोबिन जनुकाजवळचे इन्सुलेटर लावून हा परिणाम कमी करता येतो, पुसता येत नाही.

तुकडा तयार झाला की प्लास्मिडचा (ज्या गोल डीएनएवर तो जिवाणूंत वाढवला त्याचा) जिवाणूंकडचा भाग कापून काढा आणि डीएनए अगदी स्वच्छ करा. प्लास्मिडचे अवशेष राहिले तर जनुक गप्प होण्याची शक्यता वाढते आणि पुढे परवानगीच्या वेळी ते उत्तर द्यायला लावतात.

उंदरावर आधी बघा

कासेच्या पेशी बशीत वाढवून केलेल्या चाचण्यांवर फार विसंबता येत नाही. त्या पेशी कासेतून बाहेर आल्या की दूध बनवण्याची सवय लवकर विसरतात. उंदीर स्वस्त आणि चार महिन्यांत उत्तर देणारा. १९८७ मध्ये एका गटाने उंदराच्या दुधात मानवी टीपीए (रक्ताची गुठळी विरघळवणारं प्रथिन) आणलं आणि एडिंबरामधल्या दुसऱ्या गटाने मेंढीचं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. या सगळ्या विद्येची सुरुवात तिथली. उंदराकडून दोनच प्रश्नांची उत्तरं मागा: जनुक कासेबाहेर चालू होतंय का, आणि दुधातलं प्रथिन काम करतंय का. किती ग्रॅम निघेल हे मात्र त्याला विचारू नका. उंदरातला आकडा शेळीत तसाच येत नाही.

जनुक जनावरात नेणं

जुनी रीत मायक्रोइंजेक्शनची. फलित अंड्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एकत्र येण्यापूर्वी त्यातल्या एकात बारीक काचेच्या सुईने डीएनएचं द्रावण सोडायचं. केंद्रक किंचित फुगलेलं दिसलं की सुई मागे घ्यायची. उंदराचं अंडं नितळ, सगळं स्पष्ट दिसतं. गाय आणि डुकराच्या अंड्यात चरबीचे इतके कण असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते काळपट गोळ्यासारखं दिसतं आणि केंद्रक सापडतच नाही. म्हणून अंडी काही मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवतात. चरबी एका कडेला सरकते आणि केंद्रकं उघडी पडतात. आश्चर्य म्हणजे एवढा मार खाऊनही अंडी वाढतात.

मोठ्या जनावरांत टोचलेल्या अंड्यांपैकी जेमतेम एक टक्क्यातून पारजनुकीय, म्हणजे बाहेरचं जनुक अंगात असलेलं, पिल्लू मिळतं. त्यातही निम्मे नर, आणि काहींच्या सगळ्या पेशींत जनुक नसतं. अशा मिश्र जनावराच्या दुधात प्रथिन दिसलं तरी ते पुढच्या पिढीत जाईलच असं नाही. म्हणून संस्थापक, म्हणजे जनुक घातलेल्या पहिल्या, जनावरावर निर्णय घेऊ नका, त्याच्या संततीवर घ्या. संस्थापक नर निघाला तर वाट आणखी लांबते. नेदरलँड्समध्ये १९९० साली जन्मलेला हर्मन हा मानवी लॅक्टोफेरिनचं जनुक असलेला बैल. जनुक काम करतंय का हे कळायला त्याच्या मुलींच्या दुधाची वाट पाहावी लागली.

क्लोनिंगने हा गोंधळ बराच मिटवला. गर्भाच्या त्वचेतल्या पेशींत आधी जनुक घालायचं, ते कुठे आणि किती प्रतींत बसलं ते तपासायचं, मादीच्या पेशी निवडायच्या, आणि मग त्यांची केंद्रकं रिकाम्या अंड्यांत घालायची. डॉली या क्लोन मेंढीच्या पाठोपाठ १९९७ मध्ये स्कॉटलंडमध्ये पॉली जन्मली ती अशीच, रक्त गोठवणाऱ्या मानवी फॅक्टर नऊचं जनुक घेऊन. नुकसानही आहे: बरेच गर्भ टिकत नाहीत, वारेचे दोष येतात, पिल्लं अवाजवी मोठी होतात. जनावरांच्या हालांचा हा भाग नैतिकता समितीसमोर मांडावा लागतोच, आणि मांडायलाच हवा.

आज नव्याने सुरू करणार असाल तर क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने, मानवी जनुक थेट जनावराच्या स्वतःच्या केसीनच्या जागी बसवण्याचा विचार करा. जागेचा जुगार त्याने संपतो. पण संपूर्ण जनुकक्रम वाचल्याशिवाय खात्री धरू नका. जनुक-संपादनाने शिंगं नसलेले केलेले बैल स्वच्छ आहेत असं मानलं जात होतं. २०१९ मध्ये एफडीएच्या शास्त्रज्ञांना त्यांच्यात प्लास्मिडचा तुकडा सापडला, प्रतिजैविकांना रोधक जनुकांसकट.

पहिलं दूध

शेळी वयात यायची वाट न पाहता काही महिन्यांच्या पाटीला (मादी करडाला) संप्रेरकं देऊन थोडं दूध आणता येतं. चाचणीला ते पुरतं. आकडा मात्र नैसर्गिक वेताचाच खरा धरा, आणि पूर्ण वेताचा: चिकापासून आटेपर्यंत. पहिल्या आठवड्यातला आकडा बहुधा चढा असतो. ट्रेसी या पारजनुकीय मेंढीच्या दुधात अल्फा-१-अँटिट्रिप्सिन (फुप्फुसं जपणारं प्रथिन) सुरुवातीला लिटरला ६० ग्रॅमच्या वर होतं आणि मग ३५ ग्रॅमच्या आसपास स्थिरावलं. तेही अचाट होतं, दुधातल्या एकूण प्रथिनाच्या निम्मं. पण अतिउत्पादनाला कासही दमते. दूध दाट होणं, लवकर आटणं यांकडे लक्ष ठेवा.

प्रमाण एलायझाने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजा, क्रियाशीलता वेगळी मोजा, आणि दोन्हींचं गुणोत्तर पाहा. प्रमाण भरपूर पण क्रिया कमी असेल, तर पेशींची प्रक्रियायंत्रणा पुरी पडत नाहीये. फॅक्टर नऊ आणि प्रोटीन सी यांना काही ग्लुटामिक आम्लांवर कार्बोक्सिल गट लागतो, आणि कासेची ती क्षमता मर्यादित आहे. अशा वेळी जास्त ग्रॅमच्या मागे लागण्यात अर्थ नसतो.

कळप

औषधाच्या दृष्टीने कळप हा कारखान्याचाच भाग आहे, आणि गोठ्यात चूक झाली तर ती गाळणीत दुरुस्त होत नाही. मूळ जनावरं प्रिऑनमुक्त भागातून आणा. या क्षेत्रातल्या कंपन्यांनी न्यूझीलंडची निवड केली ती मेंढ्या-शेळ्यांमधल्या स्क्रेपी या प्रिऑनरोगाच्या भीतीनेच. कळप बंदिस्त ठेवा, बाहेरचं जनावर आत नको, दुहेरी कुंपण हवं, खाद्यात प्राणिज प्रथिन नको. प्रत्येक धारेची नोंद जनावराच्या क्रमांकासह ठेवा. कासदाह झालेल्या किंवा औषध चालू असलेल्या जनावराचं दूध वेगळं काढून नष्ट करा, त्यात काटकसर नको. निवडलेल्या वंशाचं वीर्य आणि पेशी दोन वेगळ्या ठिकाणी गोठवून ठेवा. एका साथीत सगळं संपू नये.

दुधातून प्रथिन वेगळं काढणं

पैसा आणि वेळ सर्वांत जास्त इथे जातो, आणि योजनेत सर्वांत कमी पानं याच भागाला मिळतात.

दूध काढल्याबरोबर थंड करा. दुधातच प्लास्मिनसारखी प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, त्यामुळे उबदार दुधात तुमचा माल तासागणिक तुटतो. मग सेंट्रिफ्यूजने मलई काढा. उरलेल्या दुधात मुख्य अडथळा केसीनचा. केसीनचे गोळे कॅल्शियमच्या जोरावर एकत्र राहतात, आणि तुमचं प्रथिन त्यांत अडकलेलं असू शकतं. सोपा उपाय म्हणजे पीएच ४.६ वर आणून केसीन खाली बसवणं आणि निवळी घेणं. पण आम्लाने नाजूक प्रथिनं बिघडतात, आणि बराच माल साक्यात जातो. दुसरा उपाय सायट्रेट किंवा ईडीटीए घालून कॅल्शियम काढून घेणं. पांढरंशुभ्र दूध बघता बघता पिवळसर, आरपार दिसणारं द्रव होतं. गोळे सुटले याची ती खूण. अशा द्रवावर पुढचं काम सोपं जातं. तिसरा उपाय पडद्यावरून आडव्या प्रवाहाने गाळण्याचा: मोठे गोळे मागे राहतात, प्रथिन पलीकडे जातं. अँटिथ्रॉम्बिनच्या शेळ्यांसाठी हाच वापरला गेला.

पुढचा टप्पा क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे द्रव स्तंभातून सोडून प्रथिनं वेगळी करण्याचा. प्रथिनाच्या स्वभावात एखादी पकड असेल तर ती आधी वापरा. अँटिथ्रॉम्बिन हेपारिनला चिकटतं, म्हणून हेपारिनचा स्तंभ हा पहिला मोठा टप्पा. त्यानंतर आयन-विनिमय आणि जलविरोधी स्तंभ. खरी डोकेदुखी जनावराच्या स्वतःच्या त्याच प्रथिनाची. शेळीचं अँटिथ्रॉम्बिनही हेपारिनला चिकटतं, आणि दोघांत फरक थोडाच असतो. ते वेगळं कसं काढणार आणि किती उरलं ते कसं मोजणार, याचं उत्तर जनावर तयार करण्यापूर्वी हातात हवं.

विषाणूंसाठी एकमेकांपेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालणारे निदान दोन टप्पे ठेवा, जसे नॅनोगाळण आणि उष्णता. ते खरोखर काम करतात हे मुद्दाम विषाणू मिसळून सिद्ध करावं लागतं.

उरलेल्या प्राणिज प्रथिनाचा प्रश्न मात्रेवर अवलंबून आहे. मिलिग्रॅममध्ये दिल्या जाणाऱ्या औषधात चालणारी अशुद्धी दर आठवड्याला काही ग्रॅम दिल्या जाणाऱ्या अल्फा-१-अँटिट्रिप्सिनमध्ये चालणार नाही. ट्रेसीच्या दुधाने सगळे विक्रम मोडले, तरी ते औषध बाजारात पोचलं नाही. बायर या औषध कंपनीने २००३ मध्ये प्रकल्प थांबवला आणि ट्रेसी घडवणारी पीपीएल थेराप्युटिक्स ही कंपनीच पुढे गुंडाळली गेली. रुकोनेस्टच्या माहितीपत्रकात आजही सशांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते देऊ नये अशी सूचना असते.

परवानगी

नियामक दोन वेगळ्या गोष्टी तपासतो: जनावर आणि औषध. एफडीएने १९९५ मध्येच पारजनुकीय प्राण्यांपासूनच्या औषधांसाठी विचारात घ्यायचे मुद्दे जाहीर केले होते. जनुक पिढ्यानपिढ्या स्थिर आहे का, जनावर निरोगी आहे का, दूध किंवा मांस अन्नसाखळीत जाणार नाही याची सोय काय, हे प्रश्न तिथे येतात. औषधाच्या बाजूने पुरेसे रुग्ण नसणं ही नेहमीची अडचण. युरोपच्या औषध समितीने फेब्रुवारी २००६ मध्ये अ‍ॅट्रिनला नकार दिला तो मुख्यतः चाचणीतल्या रुग्णांची संख्या तोकडी म्हणून. फेरतपासणीत जूनमध्ये मत बदललं आणि त्याच वर्षी परवानगी मिळाली. दुर्मिळ रोग निवडला की स्पर्धा कमी असते, पण पुरावा जमवायला रुग्णही कमी असतात. समितीशी चाचणीच्या आराखड्याबद्दल आधीच बोलून घ्या.

एक खर्च हमखास विसरला जातो. जन्मणाऱ्या करडांपैकी निम्मे बोकड असतात, काही पाटींमध्ये जनुक उतरलेलंच नसतं, नाकारलेलं दूध रोज साठतं. यातलं काहीही विकता येत नाही, खाताही येत नाही. प्रत्येक करडाची जनुकचाचणी, कानातला बिल्ला, मेलेल्या जनावराचं दहन आणि या सगळ्याच्या नोंदी, हे कळप असेपर्यंत चालूच राहतं. पहिल्या अंदाजपत्रकातच त्यासाठी वेगळी ओळ टाका.